उसाला सहकार, अक्षरांना सावकार

सहकार आणि साहित्य यांची सोयरीक जुळत नाही, असा एक सिद्धान्त आपल्या सुशिक्षित वर्गात फार दिवसांपासून प्रतिष्ठित होऊन बसला आहे. ऊस, दूध, सूत, पतपुरवठा, घरबांधणी या गोष्टी सहकाराने होतात. कविता, कादंबरी, समीक्षा या मात्र एकट्याच्या प्रतिभेतून जन्मतात, आणि म्हणून त्यांच्या छपाई-विक्रीचा व्यवहारही एखाद्या एकट्या, रसिक आणि धाडसी प्रकाशकानेच करावा, हे या सिद्धान्ताचे सार. त्याच्या पहिल्या अर्ध्याचा दुसऱ्या अर्ध्याशी काय संबंध, हे कोणी विचारीत नाही. ऊसही शेतकरी आपल्या एकट्याच्या घामानेच पिकवितो. सहकाराने होते ते गाळप. कवितेची लागवड सामुदायिक करावी असे कोणत्याही शहाण्या माणसाने आजवर म्हटलेले नाही. प्रश्न आहे तो गाळपाचा. कागद, छपाई, बांधणी, वाहतूक, विक्री आणि वसुली ही कामे कोणाच्या हुकमतीखाली चालतात, आणि ती उरकल्यावर शिल्लक राहणारा पैसा कोणाच्या गल्ल्यात पडतो, एवढाच तो प्रश्न आहे. आणि तो साहित्याच्या मांडवात उपस्थित करणे असभ्यपणाचे समजले जाते.

हा सिद्धान्त पोकळ आहे हे दाखविण्यासाठी युरोपातील दाखले उसने आणण्याचे कारण नाही. केरळातील कोट्टयम या गावी १९४५ साली बारा लेखक एकत्र आले. प्रत्येकी दहा रुपये काढून त्यांनी १२० रुपयांचे भागभांडवल उभे केले आणि ‘साहित्य प्रवर्तक सहकारी संस्था’ नोंदविली. लेखकांनी स्वतःच्या मालकीची, सहकारी कायद्याखाली नोंदलेली प्रकाशनसंस्था चालविण्याचा हा देशातील पहिला प्रयोग मानला जातो. १२० रुपयांत प्रकाशनाचा व्यवसाय करावयाचा आहे असे त्या दिवसांत कोणी एखाद्या पेढीवर जाऊन सांगितले असते, तर पेढीवाल्याने त्याला पाणी पाजून परत पाठविले असते. परंतु पुढील पंचवीस-तीस वर्षे मलयाळम् साहित्यातील जे जे म्हणून महत्त्वाचे, त्यातील फार मोठा भाग या संस्थेच्या शिक्क्याने बाहेर पडला. त्याचे श्रेय मल्याळी माणसाच्या उपजत वाचनप्रेमाला देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे प्रथा आहे. उपजत असे काही नसते. माणसांनी ते घडविले. आणि ती माणसे कोण होती, ते कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

काळ ध्यानात घ्यावा. महायुद्धाचे शेवटचे वर्ष. कागद दुर्मीळ आणि नियंत्रित. त्रावणकोर संस्थानात दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांची सत्ता. छापील शब्दाकडे सरकार संशयाने पाहत होते आणि धर्मसंस्थाही पाहत होत्या. लेखकाची स्थिती काय होती? हस्तलिखित एकरकमी विकून टाकावे आणि हक्क गमावून बसावे, किंवा स्वतः कर्ज काढून छापावे आणि स्वतःच विकावे. वैक्कम मुहम्मद बशीर यांच्यासारख्या अस्सल प्रतिभेच्या लेखकाने आपली पुस्तके हातात घेऊन लोकांच्या दारोदार विकली. पुढे एर्नाकुलममध्ये त्यांनी पुस्तकांचे दुकानही चालविले. या गोष्टी आज आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. कौतुक करणाऱ्यांनी एवढेच सांगावे, की लेखकाने फेरीवाला व्हावे ही व्यवस्था त्यांना कौतुकास्पद का वाटते?

संस्थेचे पहिले अध्यक्ष होते एम. पी. पॉल. मलयाळम् समीक्षेला कादंबरी आणि लघुकथा या आधुनिक प्रकारांची शास्त्रशुद्ध मांडणी देणारा हा माणूस. बशीर यांच्या ‘बाल्यकालसखी’ला त्यांनी लिहिलेली प्रस्तावना मलयाळम् वाचकांना अजून स्मरते. पुरोगामी साहित्याच्या चळवळीत ते अग्रभागी होते, आणि त्यापायी आपल्याच समाजातील सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. महाविद्यालयातील अध्यापन सुटल्यावर शिकवणीचे स्वतंत्र महाविद्यालय काढून त्यांनी चरितार्थ चालविला. १९५२ साली, वयाच्या पन्नाशीच्या आत, ते गेले. सात वर्षांच्या अध्यक्षपदात त्यांनी संस्थेला एक गोष्ट दिली: तिची वैचारिक पत. अध्यक्षांकडून याहून अधिक अपेक्षा करू नये, आणि याहून कमीही नको.

पण संस्था चालविली ती चिटणीसांनी. कारूर नीलकंठ पिळ्ळै हे त्यांचे नाव. जन्म १८९८चा, एट्टुमानूरचा. पेशा प्राथमिक शिक्षकाचा. तुटपुंज्या वेतनावर मुलांना बाराखडी शिकविणारा हा गृहस्थ मलयाळम् लघुकथेच्या पहिल्या फळीतील कलावंत होता. त्यांची ‘पोदिच्चोर’ नावाची कथा प्रसिद्ध आहे. शाळेतील एका मुलाचा डबा चोरीला जातो. चोर निघतो तो भुकेने कासावीस झालेला शिक्षक, आणि तोच आपल्या अपराधाची कबुली लिहून वर पाठवितो. शिक्षकाच्या उपासमारीवर एवढा थंड, एवढा भेदक आघात भारतीय कथेत क्वचित झाला असेल. ज्याने ही कथा लिहिली त्याने दोन दशके एका सहकारी संस्थेच्या कीर्द-खतावण्या पाहिल्या, मुद्रिते तपासली, लेखकांच्या रुसव्याफुगव्यांना तोंड दिले, छापखान्याची देणी भागविली. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून झाल्या, यात योगायोग नाही. उपाशी पोटाचा हिशेब ज्याला कळतो त्यालाच वहीतला हिशेब पवित्र वाटतो. आपल्याकडे मात्र हिशेब ठेवणारा लेखक म्हणजे कमी प्रतीचा लेखक, अशी एक अजब समजूत आहे. ज्याला स्वतःच्या पुस्तकाच्या किती प्रती छापल्या हेही ठाऊक नसते, तो मोठा निःसंग! या निःसंगतेवर कोणाचे इमले उभे राहिले, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे.

बाकीच्यांपैकी दोघांचा उल्लेख अटळ आहे. पोन्कुन्नम वर्की हे कथाकार. संस्थानी राजवटीवर आणि पुरोहितशाहीवर सारख्याच त्वेषाने तुटून पडणारे. १९४६ साली एका कथेपायी त्यांना तुरुंगात जावे लागले. कथेपायी तुरुंगात जाणारा माणूस संचालक मंडळात बसलेला असला, म्हणजे संस्थेने काय छापावे व काय छापू नये याविषयी फारशी चर्चा करावी लागत नाही. दुसरे डी. सी. किळक्केमुरी. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेले, काही काळ शिक्षकी केलेले. परंतु त्यांची खरी प्रतिभा पुस्तक विकण्याची. मित्रांच्या सहकार्याने त्यांनी कोट्टयममध्ये ‘नॅशनल बुक स्टॉल’ काढला होता. १९४९ साली हा स्टॉल सहकारी संस्थेत विलीन झाला, आणि डी. सी. संस्थेच्या विक्रीचे सूत्रधार झाले. माझ्या मते १९४५ पेक्षाही १९४९ हे वर्ष अधिक महत्त्वाचे आहे. १९४५ साली लेखकांनी छपाई आपल्या हाती घेतली. १९४९ साली विक्री हाती आली.

हा मुद्दा थोडा सोडवून सांगितला पाहिजे, कारण आपल्याकडील सदिच्छेने काढलेली बहुतेक प्रकाशने याच खडकावर फुटली. शंभर रुपये किमतीच्या पुस्तकाचा ढोबळ हिशेब मांडावा. कागद, छपाई, बांधणी यांत पंचवीस-तीस रुपये जातात. वितरक आणि विक्रेता मिळून पस्तीस-चाळीस रुपये घेतात. जागा, नोकर, टपाल, व्याज आणि न खपलेल्या गठ्ठ्यांची झीज यांत आणखी काही जाते. मग प्रकाशकाचा नफा. आणि अगदी शेवटी, असलेच तर, लेखकाचे दहा रुपये. या रचनेत लेखकाचा वाटा वाढवावयाचा झाला तर तो कागदवाल्याकडून किंवा खिळे जुळविणाऱ्या कामगाराच्या मजुरीतून काढता येत नाही, काढूही नये. तो निघू शकतो मधल्या चाळिसांतून. ज्याची स्वतःची दुकाने आहेत त्याचे हे चाळीस रुपये घरातच राहतात. कोट्टयमच्या संस्थेने केरळातील प्रमुख शहरांत स्वतःच्या शाखा उघडल्या, स्वतःचा छापखाना उभा केला आणि लेखकांना तीस टक्के स्वामित्वधन दिले. तीस टक्के! आजही कोणत्याही भारतीय भाषेतील लेखकाने हा आकडा ऐकला तर त्याला तो छपाईतील चूक वाटेल. त्यात कसलीही जादू नव्हती. दलालीची जागा मालकीने घेतली, की असे आकडे जमू लागतात.

तरीही एक प्रश्न उरतोच: पुस्तके विकत घेत होते कोण? याचे उत्तर कोट्टयमच्या दक्षिणेस, अंबलप्पुळा येथे मिळते. त्याच १९४५ साली पी. एन. पणिक्कर नावाच्या आणखी एका शाळामास्तराने सत्तेचाळीस गावग्रंथालये एकत्र आणून त्रावणकोरचा ग्रंथशाळा संघ स्थापिला. पुढे हा संघ साऱ्या केरळात पसरला. गावोगावची ही ग्रंथालये म्हणजे चार भिंती, एक कंदील, बातम्यांची मोठ्याने वाचणी, संध्याकाळच्या चर्चा आणि एक कपाट. त्या कपाटात पुस्तक जाऊन बसले की ते शंभर हातांतून फिरे. एकीकडे लिहिणाऱ्यांची सहकारी संस्था, दुसरीकडे वाचणाऱ्यांचा संघ. दोन्ही एकाच वर्षी, आणि दोन्हींच्या मुळाशी अल्प पगाराचे शिक्षक. शेतमजुरांच्या आणि शिक्षकांच्या संघटना त्याच भूमीत त्याच काळी उभ्या राहत होत्या. ही सारी एकाच बागेतील झाडे आहेत. त्यातील एकच उपटून आणून आपल्या अंगणात लावू म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

या व्यवस्थेत लेखकाचे काय झाले? तकळी शिवशंकर पिळ्ळै हे वकिली आणि शेती करणारे कुट्टनाडमधील गृहस्थ. भाताच्या खाचरांतील पुलय शेतमजुरांवर त्यांनी कादंबरी लिहिली, मच्छीमारांवर लिहिली. ‘चेम्मीन’ १९५६ साली या संस्थेकडून निघाली. १९५७ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे चित्रपट झाला, देशोदेशी भाषांतरे झाली. येथे सांगावयाचे आहे ते पुरस्काराविषयी नाही. विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीचा पैसा हिशेबाने लेखकाच्या घरी जात होता, आणि हिशेब देणारी संस्था त्याच्याच मालकीची होती, हे महत्त्वाचे.

आता आपल्याकडे वळू या. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ची. शासनाचे पारितोषिक तिला मिळाले, त्यांच्या कथांवर चित्रपट निघाले, पुस्तकांच्या आवृत्त्या निघत राहिल्या. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात अण्णा भाऊ वारले, ते दारिद्र्यात. त्यानंतर त्यांचे पुतळे झाले, चौक झाले, जयंत्या झाल्या, टपाल तिकीट निघाले. तकळी आणि अण्णा भाऊ दोघेही श्रमिकांचे कादंबरीकार. दोघांचीही पुस्तके अफाट खपली. एकाला हिशेब मिळाला, दुसऱ्याला हारतुरे मिळाले. जातीचा पदर या अंतरामागे आहेच, तो झाकून चालणार नाही. तकळी जमीन असलेल्या नायर घराण्यातले होते आणि अण्णा भाऊंच्या पायाखाली दीड वीतही स्वतःची जमीन नव्हती. पण म्हणूनच, ज्याच्यापाशी दुसरे काहीच नाही त्याला पुस्तकाचा हिशेब अधिक अगत्याचा होता. तो देणारी संस्था उभी करणे हे ज्यांचे काम होते, ते आपण, त्या वेळी इतर महत्त्वाच्या कामांत गुंतलो होतो.

येथे विरोधक आपले हुकमाचे पान टाकतात. म्हणतात, तुमच्या त्या संस्थेचे पुढे काय झाले तेही सांगा. अवश्य सांगतो. कारूर साठीच्या पुढे गेल्यावर चिटणीसपदावरून निवृत्त झाले आणि १९७५ साली वारले. त्याआधी, १९७४ साली, डी. सी. बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःच्या नावाने खासगी प्रकाशनसंस्था काढली. हळूहळू अनेक मोठे लेखक तिकडे गेले. ती आज केरळातील बलाढ्य प्रकाशनसंस्था आहे. इकडे सहकारी संस्थेत गटबाजी माजली, आर्थिक ओढाताण सुरू झाली, सरकारी हस्तक्षेप झाले. संस्था मेली नाही. आजही पुस्तके काढते. नाट्टकम येथे तिच्या जागेवर राज्याच्या सहकार खात्याच्या पाठबळाने ‘अक्षरम्’ हे भाषा-साहित्याचे संग्रहालयही २०२४ साली उघडले. परंतु जे तेज १९५०-६०च्या दशकांत होते ते पुन्हा आले नाही, हे मान्य केले पाहिजे.

यावरून निष्कर्ष काढला जातो, की शेवटी खासगी कर्तृत्वच खरे. या निष्कर्षातील लबाडी पाहण्यासारखी आहे. डी. सी. किळक्केमुरी १९७४ साली आभाळातून पडले नाहीत. पुस्तकविक्रीचे त्यांचे ज्ञान, लेखकांशी त्यांचे नाते, वाचकांची ती प्रचंड फळी, ग्रंथालयांची जाळी, हे सारे पंचवीस वर्षे सहकाराच्या पैशाने व श्रमाने जोपासले गेले होते. सामूहिक मेहनतीने विहीर खणावी, पाणी लागल्यावर त्यावर एकाने मोट बसवावी, आणि मग लोकांनी म्हणावे की पाणी आणले ते मोटवाल्याने, त्यातला हा प्रकार. डी. सी. यांच्या कर्तबगारीबद्दल मला आदर आहे. त्यांना खलनायक करण्याचा हेतू नाही. उलट, असा माणूस संस्था सोडून जातो तेव्हा दोष संस्थेच्या रचनेत शोधावा, असे माझे म्हणणे आहे.

तो दोष कोणता? संस्था लेखकांची होती. छापखान्यातले कामगार, गठ्ठे बांधणारे, शाखांवर बसणारे विक्रेते हे तिचे नोकर होते. भागधारक लेखक सर्वसाधारण सभेला येत, आपल्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीविषयी विचारीत, थकबाकीविषयी तक्रार करीत आणि घरी जात. कारूर-पॉल यांच्या पिढीला संस्था म्हणजे लढ्याचा एक मोर्चा वाटत होता. पुढच्या पिढीला ती वर्षाकाठी धनादेश पाठविणारे एक कार्यालय वाटू लागली. मालकाला आपण मालक आहोत याचाच विसर पडला, म्हणजे व्यवस्थापकाला शेवटी स्वतःच मालक व्हावेसे वाटते. यात नवल काहीच नाही.

त्याच केरळातील दुसरे उदाहरण ताडून पाहावे. कॉफी बोर्डाने १९५७च्या सुमारास आपली कॉफीगृहे बंद करावयास घेतली. शेकडो वाढपी आणि स्वयंपाकी रस्त्यावर येणार होते. ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्या कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या आणि कॉफीगृहे चालवावयास घेतली. १९५८ साली त्रिशूरला सुरू झालेली त्यांची ‘इंडियन कॉफी हाऊस’ची पंगत आज सहा दशके उलटूनही चालू आहे. तेथे तुमच्यापुढे कप ठेवणारा माणूस मालकांपैकी एक असतो. लेखकांच्या संस्थेत पुस्तकाचे पार्सल बांधणारा तसा नव्हता. कोट्टयमच्या संस्थेचे बळ कोठे होते आणि तिला भेग कोठून पडली, हे या दोन चित्रांवरून उमजावे.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रातील कितीतरी सहकारी साखर कारखाने तोट्यात काढले गेले, आणि त्यातील अनेक कवडीमोलाने खासगी कंपन्यांच्या घशात गेले. तेव्हा कोणी पंडिताने असे लिहिले नाही, की ऊस आणि सहकार यांची सोयरीकच मुळात चुकीची होती. तेथे आपण म्हणतो, कारखाना लुटला गेला. पुस्तकाच्या बाबतीत मात्र संस्था खालावली की लगेच ‘सहकाराची मर्यादा’ सिद्ध होते. हा न्याय कोणता?

आणि महाराष्ट्राने तर या बाबतीत मान खालीच घालावी. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकाराचा पाया घातला तो १९५०च्या सुमारास, म्हणजे कोट्टयमनंतर. शेतकऱ्याला जे कळले ते येथील साहित्यिकाला कधी कळले नाही. आमच्या ग्रंथकारांनी १८७८ सालापासून संमेलने भरविली. जोतीराव फुल्यांनी १८८५ सालीच या ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारून, हा मांडव कोणाचा आहे आणि कोणाचा नाही, ते न्यायमूर्ती रानड्यांना स्पष्ट कळविले होते. त्यानंतर आजवर आम्ही अध्यक्षपदासाठी भांडलो, स्वागताध्यक्षपद मंत्र्याला द्यावे की साखरसम्राटाला यावर वाद घातले. साखर कारखान्यांच्या देणग्यांवर मांडव घातले. पण त्या कारखान्याची नोंदणी ज्या कायद्याखाली झाली त्याच कायद्याखाली आपणही एक संस्था नोंदवू शकतो, हे जेवणाच्या पंगतीत बसलेल्या एकाही सारस्वताला सुचले नाही!

अपवाद आहेत, आणि ते सांगितले पाहिजेत. १९७०च्या दशकाच्या मध्यास ‘ग्रंथाली’ने वाचकांनाच संघटित करून, त्यांच्या आगाऊ वर्गणीच्या बळावर पुस्तके काढावयास प्रारंभ केला. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण माने यांचा ‘उपरा’ १९८० साली त्यातून वाचकांपर्यंत पोहोचले. ही पुस्तके गावोगाव पोत्यांतून नेऊन यात्रेत, शाळेत, एस.टी. स्थानकावर विकणारे कार्यकर्ते पगारी नव्हते. मराठी साहित्याचा चेहरामोहरा बदलला त्यात त्या पोती वाहणाऱ्यांचा वाटा आहे. पण ती वाचकांची चळवळ होती. मालकीचा आणि हिशेबाचा प्रश्न तिने हाती घेतलेला नव्हता. पक्षांची आणि चळवळींची प्रकाशनगृहे होती, आजही आहेत. त्यांनी मोलाचे काम केले. तेथेही लेखक हा बहुधा देणगीदार समजला जातो. कार्यकर्त्याने लिहिले तर मोबदला कसला मागावयाचा! चळवळीतील माणसाच्या श्रमाला मोल नसते, ही आमच्या घरातील भांडवलशाही होय. आणि तिचे समर्थन आम्ही त्यागाच्या भाषेत करतो.

आज स्थिती अशी आहे, की नव्या लेखकाकडून छपाईचा खर्च आगाऊ घेऊन पुस्तक काढणे हा उघड धंदा झाला आहे. तीनशे प्रती छापावयाच्या, त्यातील शंभर लेखकालाच विकावयाच्या, उरलेल्या ग्रंथालयांच्या खरेदीत घालावयाच्या. राज्यात १९६७च्या कायद्याखाली शासनमान्य असलेली अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालये आहेत. अ, ब, क, ड अशा प्रतवारीने त्यांना अनुदान मिळते आणि त्यातील ठरावीक भाग पुस्तकांवर खर्च करावा लागतो. पणिक्करांना सत्तेचाळीस ग्रंथालयांतून प्रारंभ करावा लागला होता. आपल्यापाशी त्याच्या दोनशेपट संख्या तयार आहे! पण त्यांतील किती ग्रंथालयांच्या कार्यकारिणीवर आपले कार्यकर्ते आहेत, आणि असलेच तर खरेदीच्या दिवशी ते कोठे असतात? जो जास्त सूट देईल त्याचा गठ्ठा घ्यावयाचा, हा रिवाज मोडण्यास क्रांतीची वाट पाहावी लागत नाही. सभेला उपस्थित राहून एक ठराव मांडावा लागतो.

काही मित्र म्हणतील, छापील पुस्तकाचेच दिवस संपत आले असता ही उठाठेव कशाला? आता प्रत्येक जण मोबाईलवर लिहितो, वाचतो. बरोबर आहे, आणि त्या लिहिण्यावाचण्याचे भाडे एका-दोन परदेशी कंपन्या वसूल करतात. पूर्वीचा सावकार निदान गावात राहत असे, त्याच्या ओट्यावर जाऊन बसता येत असे. माध्यम बदलले म्हणून मालकीचा प्रश्न सुटला, असे समाजवाद्याने म्हणावे याचे मला आश्चर्य वाटते.

तेव्हा करावयाचे ते अवघड नाही. सहकारी संस्था स्थापण्याचा हक्क २०११च्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या कलमात नमूद झाला आहे. राज्याच्या १९६०च्या सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे नोंदणीसाठी निदान दहा माणसे लागतात, आणि ती वेगवेगळ्या कुटुंबांतील असावी लागतात. एका जिल्ह्यात एक संस्था निघाली तरी प्रारंभास पुरे. उपविधी लिहिताना कोट्टयमचा धडा विसरू नये: लेखकाइतकाच अक्षरजुळणी करणारा, भाषांतरकार, बांधणीवाला आणि विक्रेता यांना भाग घेण्याचा व मत देण्याचा हक्क ठेवावा. स्वामित्वधनाचा हिशेब दर सहा महिन्यांनी सूचनाफलकावर लावावा. चिटणीस म्हणून कोणा कीर्तिमान कवीला बसवू नये. आणि पहिल्या दहांत निदान तिघे असे घ्यावेत, ज्यांनी आयुष्यात छापण्याजोगी एकही ओळ लिहिलेली नाही, पण ज्यांना खतावणी लिहिता येते, गठ्ठा बांधता येतो आणि ग्रंथालयाकडे वर्षभर अडकून पडलेले बिल वसूल करून आणता येते.